हळदीतलं शिसं मोजताना: शुद्ध नायट्रिक अ‍ॅसिड कसं वापरावं

हळदीचा हंगाम सुरू झाला की सांगली, मिरज, कुपवाडपासून वाई-कराडपर्यंतच्या प्रयोगशाळांत पुडीचे आणि हळकुंडांचे नमुने शिशासाठी येऊ लागतात. त्याबरोबर एक ठरलेला प्रश्नही येतो: "ब्लँकमध्येच शिसं दाखवतंय, अ‍ॅसिड बदलू का?" शिसं मोजण्याआधी हळद नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवतात. ब्लँक म्हणजे हळद न घालता, बाकी सगळं तसंच घालून केलेलं द्रावण, त्यात शिसं दिसायला नको. प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. बाटलीवर लिहिलेली शुद्धता झाकण उघडेपर्यंतची असते. त्यानंतर अ‍ॅसिड कशात ओतलं, कशाने मोजलं, कोणत्या भांड्यात तापवलं, यावर सगळं ठरतं. महागडी बाटली आणून ती काल धुतलेल्या काचेच्या बीकरमध्ये ओतणारे पुष्कळ आहेत.

म्हणून इथे खरेदीपासून निचऱ्यापर्यंतचा क्रम दिला आहे. उदाहरण हळदीतल्या शिशाचं असलं, तरी बेदाणा, गूळ किंवा बोअरच्या पाण्यासाठीही भांडी आणि ब्लँकचा भाग तसाच लागू पडतो.

## १. आधी यंत्र बघा, मग बाटली ठरवा

फ्लेम एएएसवर (ज्योतीत धातूने शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) शिसं बघायचं असेल, तर चांगलं एआर ग्रेड, म्हणजे प्रयोगशाळेच्या नेहमीच्या शुद्धतेचं, अ‍ॅसिड सहसा पुरतं. ०.५ ग्रॅम हळद ५० मिलीपर्यंत नेली, तर फ्लेमला किलोमागे साधारण एक-दोन मिलिग्रॅमच्या खालचं शिसं नीट दिसतच नाही. अशा ठिकाणी अल्ट्राप्युअर अ‍ॅसिड घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

ग्रॅफाइट फर्नेस (ज्योतीऐवजी भट्टीचं, जास्त संवेदनशील एएएस) किंवा आयसीपी-एमएस (आर्गनच्या प्लाझ्मात नमुना तापवून अणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) असेल, तर ट्रेस मेटल ग्रेड हवंच. त्यात बहुतेक धातू एक पीपीबीच्या (अब्जात एक भाग) खाली असतात. पीपीटी (पीपीबीचा हजारावा भाग) पातळीचं काम असेल, तरच सब-बॉइलिंग पद्धतीने, म्हणजे उकळू न देता, ऊर्ध्वपातन केलेलं आणि पीएफए किंवा एफईपीच्या (टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकच्या) बाटलीत भरलेलं अ‍ॅसिड घ्यावं. काचेच्या बाटलीत ठेवलेलं अ‍ॅसिड हळूहळू काचेतलं सोडियम, बोरॉन, अ‍ॅल्युमिनियम घेत राहतं.

भांडी भिजवायला मात्र एआर ग्रेडच वापरा. दोन बाटल्या, दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या जागा.

तपासा: बाटलीसोबत आलेल्या विश्लेषण प्रमाणपत्रावरचा लॉट क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, आणि त्यात तुम्ही मोजणार त्या धातूंची नावं आहेत का, ते पाहा. 'शुद्ध' या शब्दाला आकड्याशिवाय अर्थ नाही.

## २. हे अ‍ॅसिड कसं वागतं

बाजारातलं तीव्र नायट्रिक अ‍ॅसिड वजनाने ६८ ते ७० टक्के असतं, घनता १.४१ ते १.४२, आणि ७० टक्क्यांचं अ‍ॅसिड १५.८ मोलरच्या आसपास येतं. यातून एक सोयीचा हिशेब निघतो: १.४२ गुणिले ०.७० म्हणजे जवळजवळ एक. एक मिली अ‍ॅसिडमध्ये साधारण एक ग्रॅम नायट्रिक असतं, म्हणून लिटरला २० मिली घातलं की दोन टक्के. ६५ टक्क्यांची बाटली असेल तर हा हिशेब थोडा कमी पडतो. लेबल वाचूनच आकडा घ्या.

अडुसष्ट टक्क्यांच्या आसपास ते १२१ अंशांना स्थिर उकळतं. त्यामुळे उघड्या भांड्यात नुसतं उकळून ते त्याहून तीव्र होत नाही आणि तापमानही फारसं वर जात नाही. बंद वेसलमध्ये (दाब सहन करणाऱ्या भांड्यात) १८० ते २०० अंश गाठता येतात, म्हणून तिथे डायजेशन, म्हणजे नमुना तापवून विरघळवणं, पुरं होतं.

उजेडात आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात ते हळूहळू फुटतं. नायट्रोजन डायऑक्साइड, पाणी आणि ऑक्सिजन तयार होतात आणि रंग पिवळसर होतो. इथे एक गैरसमज पक्का बसला आहे: पिवळं दिसलं की अ‍ॅसिड 'अशुद्ध' म्हणून मोडीत काढायचं. पिवळेपणा त्या वायूचा असतो, धातूंचा नव्हे. उलट, पाण्यासारख्या स्वच्छ दिसणाऱ्या अ‍ॅसिडमध्ये शिसं असू शकतं. डोळ्याने धातूची शुद्धता कळत नाही, ती ब्लँकनेच कळते. पिवळेपणा एवढंच सांगतो की बाटली ऊन-उकाड्यात होती आणि आत थोडा दाब असेल, तेव्हा झाकण हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), सावकाश सैल करायचं.

शिशासाठी नायट्रिकच का? नायट्रेटं जवळपास सगळी पाण्यात विरघळतात. सल्फ्युरिक वापरलं तर लेड सल्फेट तळाशी बसतं आणि शिसं कमी येतं. हायड्रोक्लोरिकमधलं क्लोरिन आयसीपी-एमएसमध्ये आर्गनशी जोडी करून ७५ वस्तुमानावर येतं, म्हणजे नेमकं आर्सेनिकच्या जागी. नायट्रिकमधले हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन प्लाझ्मात एरवीही असतातच.

मर्यादाही आहेत. सोनं आणि प्लॅटिनम त्यात विरघळत नाही. कथिल आणि अँटिमनीचा पांढरा गाळ होतो, त्यांना हायड्रोक्लोरिकची जोड लागते. वाळू-माती विरघळत नाही, हे पुढे उपयोगी पडेल.

## ३. बाटली उघडण्याआधी जागा तयार करा

मसाल्यांच्या प्रयोगशाळेत एक खास धोका असतो. कुरक्युमिन (हळदीतलं पिवळं रंगद्रव्य) काढायला त्याच खोलीत अ‍ॅसिटोन, मेथेनॉल किंवा इथेनॉल चालू असतं. तीव्र नायट्रिक आणि यांपैकी काहीही एकत्र आलं, तर स्फोट होऊ शकतो, तोही कधी लगेच न होता काही वेळाने, बंद बाटलीत. म्हणून:

सावधान: अ‍ॅसिटोनने विसळलेलं भांडं नायट्रिकच्या (भांडी भिजवायच्या) टाकीत टाकू नका. सॉल्व्हंटची रिकामी बाटली अ‍ॅसिडचा निचरा साठवायला कधीच वापरू नका. असे अपघात अनेकदा अशाच बाटलीतून होतात.

सॉल्व्हंट, ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, अमोनिया आणि ब्लीच वेगळ्या कपाटात ठेवा. अ‍ॅसिडची बाटली प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, खांद्याच्या उंचीखाली, पण जमिनीवर नको. कृष्णेकाठच्या सखल भागात तळमजल्यावर प्रयोगशाळा असेल, तर २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून कपाटाची उंची ठरवा.

डोळ्यांना बंद गॉगल, अंगात लांब बाह्यांचा कोट. पातळ निळे नायट्राइल हातमोजे फक्त शिंतोड्यापुरते आहेत. तीव्र नायट्रिक त्यांतून पटकन आत येतं. मोठं प्रमाण ओतताना बुटाइल किंवा निओप्रीनचे लांब हातमोजे घाला आणि थेंब पडला की लगेच बदला. पावडर लावलेले हातमोजे तर नकोतच, ती पावडर जस्ताचा ब्लँक वर चढवते.

हूडच्या आत वर बघा. गंजलेला स्क्रू किंवा जाळी असेल, तर वाफ तिथे थंड होऊन थेंब खाली भांड्यात पडतो. लोखंड वाढण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे आणि कुणी वर मान करून बघतच नाही.

वीज गेली तर हूडचा पंखा बंद होतो, तापलेलं अ‍ॅसिड मात्र वाफा सोडत राहतं. जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर पंखा आहे का, हे आधीच बघा. नसेल, तर वीज जाताच हीटर बंद, हूडची काच खाली आणि सगळे खोलीबाहेर.

## ४. भांडी: निम्मं काम इथेच

१. आधी साबण आणि नळाच्या पाण्याने धुवा. हळदीचा पिवळा डाग काढायला सॉल्व्हंट वापरलं असेल, तर भांडं पाण्याने भरपूर धुऊन पूर्ण वाळवा. त्याचा वास जाईपर्यंत ते पुढच्या टाकीकडे न्यायचं नाही.

२. एआर नायट्रिकची दहा टक्क्यांची टाकी करा: नऊ भाग पाणी, त्यात एक भाग अ‍ॅसिड. आधी पाणी, मग अ‍ॅसिड. टाकी झाकण असलेली पॉलिप्रॉपिलिनची घ्या. भांडी रात्रभर बुडवून ठेवा, आत हवेचे बुडबुडे राहू देऊ नका.

३. बाहेर काढून १८.२ मेगओहमच्या (क्षार जवळपास पूर्ण काढलेल्या, अतिशुद्ध) पाण्याने निदान तीनदा विसळा. साध्या डिस्टिल्ड पाण्याने शेवटची धुलाई केली, तर रात्रभराची मेहनत गेली.

४. झाकलेल्या प्लास्टिकच्या डब्यात पालथी वाळवा. कापडाने किंवा टिश्यूने आतून पुसू नका.

नव्या सेंट्रिफ्यूज ट्यूबही भिजवाव्या लागतात. 'नवं म्हणजे स्वच्छ' हे धातूंच्या बाबतीत खरं नाही. पिपेटच्या टिपा बिनरंगी घ्या, पिवळ्या-निळ्या टिपांच्या रंगांतून धातू येऊ शकतात. काचेचा मेजरिंग फ्लास्क पीपीबीच्या कामाला नको. पॉलिप्रॉपिलिन किंवा पीएफएचा घ्या, किंवा सरळ वजनावर पातळ करा.

तपासा: धुतलेल्या पाच-सहा ट्यूबांपैकी एकीत दोन टक्के अ‍ॅसिड भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. ताज्या दोन टक्क्यांहून आकडा वर आला, तर टाकी बदलायची वेळ झाली.

## ५. बाटली उघडणं आणि दोन टक्के बनवणं

ट्रकमधून आलेल्या बाटलीच्या मानेवर रस्त्याची धूळ असते. झाकण फिरवलं की ती आत पडते. आधी बाहेरून, विशेषतः मानेजवळ, शुद्ध पाण्याने ओलसर केलेल्या तंतू न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. उघडल्याची तारीख लिहा.

बाटलीत पिपेट घालायचं नाही, टीप नवी असली तरी. दिवसाला लागेल तेवढं अ‍ॅसिड धुतलेल्या पीएफए बीकरमध्ये ओता, तिथून घ्या. उरलेलं परत बाटलीत ओतू नका. हे वाचताना सगळ्यांना पटतं आणि संध्याकाळी पाच वाजता महाग अ‍ॅसिड टाकवत नाही. ते टाकायचं नसेल, तर भांड्यांच्या टाकीत ओता.

मायक्रोपिपेटच्या आत धातूचा भाग असेल, तर अ‍ॅसिडची वाफ वर जाऊन तो गंजतो आणि गंज टिपेत येतो. तीव्र अ‍ॅसिडसाठी बाटलीवर बसणारा फ्लोरोपॉलिमरचा डिस्पेन्सर सर्वांत बरा. दिवसातले पहिले दोन-तीन स्ट्रोक टाकून द्यावेत.

दोन टक्क्यांसाठी एक लिटरच्या प्लास्टिक फ्लास्कमध्ये सुमारे ९०० मिली शुद्ध पाणी, त्यात २० मिली अ‍ॅसिड, हलवून थंड होऊ द्या, मग खुणेपर्यंत पाणी. आठवड्यापुरतंच बनवा.

## ६. नमुना तयार करणं

पुडी आधीच दळलेली असेल, तर पुन्हा दळू नका. स्टीलच्या ग्राइंडरमधून क्रोमियम आणि निकेल येतं, आणि लेड क्रोमेटचा (शिसं आणि क्रोमियम असलेल्या, भेसळीच्या पिवळ्या रंगाचा) संशय असेल तर क्रोमियमचा आकडा आपल्याला हवा असतो. चमचाही प्लास्टिकचाच.

हळकुंडं आली, तर ती धुऊ नका. पॉलिशसाठी लावलेला रंग पृष्ठभागावर असतो. 'माती जावी' म्हणून धुतलेलं हळकुंड स्वच्छ निकाल देतं, आणि तो निकाल खोटा असतो. अगेट किंवा झिर्कोनियाच्या भांड्यात कुटा. पुडीत रंग सारखा मिसळलेला नसतो, म्हणून नमुना नीट कालवून त्याची तीन वेगळी वजनं घ्या.

## ७. डायजेशन

क्रम असा:

१. वेसलमध्ये ०.५ ग्रॅम हळद, काठाला न चिकटू देता. जास्त घालायचा मोह टाळा. तेल आणि स्टार्चमुळे वायू भरपूर होतो आणि दाब अचानक चढतो.

२. ८ मिली ट्रेस ग्रेड नायट्रिक थोडं थोडं, काठावरून, पूड खाली ओढत घाला.

३. झाकण न लावता हूडमध्ये १५ ते ३० मिनिटं ठेवा. तांबूस धूर येईल, फेस चढेल. तो पूर्ण बसल्याशिवाय झाकण लावायचं नाही. घाई इथेच होते आणि वेसलचा सेफ्टी व्हॉल्व्ह इथेच उडतो.

४. फेस बसल्यावर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १ मिली, थेंबाथेंबाने. पेरॉक्साइडही ट्रेस ग्रेडच हवं. साध्या बाटलीत टिकाऊपणासाठी कथिलाचे किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात. अ‍ॅसिडवर हजारो रुपये घालवून पेरॉक्साइड मात्र कपाटातलं जुनं वापरलं जातं.

५. झाकण लावून मायक्रोवेव्ह डायजेस्टरमध्ये साधारण २० मिनिटांत १८० ते २०० अंशांवर न्या, १५ ते २० मिनिटं ठेवा. यंत्राच्या पुस्तिकेतली वजनाची आणि आकारमानाची मर्यादा या आकड्यांपेक्षा मोठी माना.

६. ५० अंशांखाली येईपर्यंत उघडू नका, आणि उघडाल तेव्हा हूडमध्ये, वेसलचं तोंड भिंतीकडे करून.

प्रत्येक फेरीत निदान तीन वेसल नमुन्याविना, बाकी सगळं घालून. हे तुमचे ब्लँक. एका वेसलमध्ये माहीत असलेल्या प्रमाणात शिसं घातलेला नमुना, आणि जमल्यास प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातलं शिसं आधीच ठरवून प्रमाणित केलेलं असतं).

सावधान: घरगुती मायक्रोवेव्ह या कामाचा नाही. तसंच माती आणि पानं तपासणाऱ्या प्रयोगशाळांत नायट्रिक-परक्लोरिकचं मिश्रण रुळलेलं आहे, ते इथे आणू नका. तेलकट मसाल्यावर तापलेलं परक्लोरिक स्फोटक ठरतं आणि साध्या हूडच्या नळीत त्याचे स्फोटक क्षार साठत जातात.

डायजेस्टर नसेल, तर ९५ अंशांच्या हॉट ब्लॉकवर झाकणी ठेवून शिशाचं काम होतं. वेळ जास्त लागतो आणि कोरडं होऊ द्यायचं नाही. पारा मात्र उघड्या भांड्यातून उडून जातो.

द्रावण स्वच्छ, फिकट पिवळं दिसायला हवं. तळाशी पांढरे कण राहिले, तर ती बहुधा वाळू. फिल्टर पेपर लावू नका, तो स्वतःच धातू सोडतो. ट्यूब सेंट्रिफ्यूज करा किंवा रात्रभर स्थिर ठेवून वरचं द्रावण घ्या.

## ८. पातळ करताना होणारी चूक

वेसल शुद्ध पाण्याने विसळून ५० मिली करा. आता द्रावणात अ‍ॅसिड सुमारे १६ टक्के आहे (५० मध्ये ८, थोडं खर्च झालेलं). आयसीपी-एमएसला एवढं चालत नाही, म्हणून दहापट पातळ करतात. सवयीने त्यासाठी दोन टक्के अ‍ॅसिडच वापरलं जातं. हिशेब करा: १ मिली द्रावणातून ०.१६, आणि ९ मिली दोन टक्क्यांतून ०.१८, मिळून साडेतीन टक्क्यांजवळ. स्टँडर्ड (तुलनेसाठी माहीत असलेल्या शिशाची द्रावणं) दोन टक्क्यांत आणि नमुना साडेतीनमध्ये, मग रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या शिशापैकी मोजणीत किती परत मिळालं) का बसत नाही म्हणून दिवस जातो. पाण्यानेच दहापट करा, अ‍ॅसिड दीड टक्क्याच्या आसपास येतं आणि स्टँडर्डशी जुळतं.

## ९. ब्लँक वर आला तर: अ‍ॅसिड दोषी आहे का?

बाटली परत पाठवण्याआधी तीन द्रावणं मोजा, याच क्रमाने:

क. फक्त शुद्ध पाणी.
ख. त्याच पाण्यात केलेलं दोन टक्के अ‍ॅसिड, ताज्या धुतलेल्या ट्यूबमध्ये.
ग. पूर्ण डायजेशनचा ब्लँक, ५० मिलीच्या हिशेबात.

समजा क मध्ये ०.०१ पीपीबी शिसं आलं, ख मध्ये ०.०३ आणि ग मध्ये १.२०. ख मधून क वजा केलं की ०.०२ उरतं, तो दोन टक्के अ‍ॅसिडचा वाटा. डायजेशनमध्ये अ‍ॅसिड १६ टक्के, म्हणजे आठपट. ०.०२ गुणिले ८ म्हणजे ०.१६. पाण्याचे ०.०१ धरले तरी १.२० मधले १.०३ पीपीबी अ‍ॅसिडने आणलेले नाहीत. ते वेसलमधून, पेरॉक्साइडमधून किंवा हवेतून आले. बाटली बदलून त्यात पैचा फरक पडणार नाही.

फेरीतले तिन्ही डायजेशन ब्लँक एकमेकांशी जुळतात का, तेही बघा. तिन्ही सारखे वर असतील, तर दोष सगळ्यांत सारख्या प्रमाणात गेलेल्या वस्तूचा, म्हणजे पेरॉक्साइडचा किंवा अ‍ॅसिडचा. एक वर आणि दोन खाली असतील, तर त्या वेसलचा. आधीच्या फेरीत त्यात भेसळीचा जबर नमुना होता का, नोंदवहीत बघा. वेसलचं टेफ्लॉन गरम अ‍ॅसिडमध्ये शोषलेलं शिसं पुढच्या फेरीत सोडतं. असं वेसल नुसत्या अ‍ॅसिडवर एक पूर्ण फेरी चालवून साफ करा. संशयित नमुन्यांसाठी वेगळी वेसल राखून ठेवणं याहून सोपं.

१.०३ पीपीबी म्हणजे नमुन्यात किती? ५० मिलीत ५१.५ नॅनोग्रॅम, भागिले ०.५ ग्रॅम: किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम. रंग लावलेल्या हळदीत किलोमागे पन्नास मिलिग्रॅम शिसं आलं, तर याने काही बिघडत नाही. नमुन्यात ०.३ असेल, तर एक तृतीयांश आकडा तुमच्या भांड्यांचा आहे. तेव्हा ब्लँक किती खाली हवा, हे अपेक्षित आकड्यावरून ठरवा. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकातली मर्यादाच १० पीपीबी आहे. तिथे एक पीपीबीचा ब्लँक डोळ्याआड करता येत नाही.

ब्लँकच्या प्रमाण विचलनाची तिप्पट ही तुमची खरी शोधमर्यादा. यंत्राच्या पत्रकावरची मर्यादा अहवालात उतरवू नका. घातलेल्या शिशाची रिकव्हरी ८० ते १२० टक्क्यांबाहेर गेली, तर त्या फेरीचा अहवाल द्यायचा नाही.

हळदीपुरती एक जादा पडताळणी: लेड क्रोमेटमध्ये शिसं आणि क्रोमियम यांचं वजनी प्रमाण जवळजवळ ४:१ असतं. शिसं खूप आलं आणि क्रोमियम त्याच्या चौथाईच्या आसपास असेल, तर संशय बळावतो. क्रोमियम फारच जास्त असेल, तर आधी ग्राइंडर आणि चमचा आठवा.

## १०. सांडलं, अंगावर उडालं, उरलं

सांडल्यावर भुसा, कापड किंवा कागद टाकू नका. नायट्रिक त्यांना पेटवू शकतं. कडेने आत सोडियम बायकार्बोनेट टाकत जा, फेस थांबला की भरपूर पाण्याने पुसा. बायकार्बोनेटची बरणी हूडशेजारी असावी, स्टोअरच्या कुलपात नव्हे.

त्वचेवर उडालं, तर कपडे काढून निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली. पिवळा डाग त्वचेतल्या प्रथिनांशी झालेल्या क्रियेचा असतो, धुऊन जात नाही. डोळ्यात गेलं, तर पापण्या उघड्या धरून १५-२० मिनिटं पाणी, आणि तसंच दवाखान्यात. तांबूस धूर छातीत गेला, तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. फुप्फुसांना सूज काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही येते.

शिशाची उरलेली द्रावणं बेसिनमध्ये ओतायची नाहीत. वेगळ्या, लेबल लावलेल्या, पूर्वी कधीच सॉल्व्हंट न ठेवलेल्या पॉलिथिनच्या कॅनमध्ये साठवा. झाकण पहिला दिवसभर घट्ट आवळू नका, डायजेशनचं द्रावण वायू सोडत राहतं. कॅन तीन चतुर्थांश भरला की घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्या आणि पावती नोंदवहीला लावा. धातू नसलेलं टाकीतलं जुनं अ‍ॅसिड आधी भरपूर पाण्यात पातळ करून, मग सोड्याने हळूहळू उदासीन करा. सोडा एकदम ओतला तर फेस काठाबाहेर येतो. पीएच पट्टीवर ६ ते ८ दिसल्याशिवाय ते सोडू नका.